गव्हाणीला कुलूप

बंद असलेलं बटण आपल्या माणसाला बघवत नाही. उघडं दार तो उघडं ठेवील, गळका नळ गळू देईल, पण खाली पाडलेला मेन स्विच दिसला की त्याचे हात शिवशिवतात. "कुणी बंद केला?" असं तो विचारतो जरूर, पण उत्तर येईपर्यंत स्विच वर गेलेला असतो.

आमच्या कॉलनीत सगळ्यांचे मीटर जिन्याखाली आहेत. पंख्याचा कपॅसिटर बदलायचा म्हणून मी खाली जाऊन मेन पाडतो, वर येऊन स्टुलावर चढतो आणि पाती हातात धरतो, तेवढ्यात घरातला टीव्ही बोलायला लागतो. पाठोपाठ दारात शेजारचे काका उभे.

"तुमचा मेन पडला होता. मी लावला."

"मीच पाडला होता काका. पंखा दुरुस्त करतोय."

"हो का? मग सांगायचं ना."

आणि काका आत येऊन बसतात. उपकार केलेला माणूस चहा घेतल्याशिवाय उठत नसतो. पुढच्या वेळी मी मेनवर चिठ्ठी लावली, 'काम चालू आहे, स्विच लावू नये'. काकांनी चष्मा नव्हता म्हणून आधी स्विच लावला आणि मग चिठ्ठी वाचायला घरी नेली.

घरातल्या पंख्याची ही कथा, तर कारखान्याच्या गव्हाणीची काय असेल? मी एका सहकारी साखर कारखान्यात स्टोअरकीपर होतो. कोणत्या, ते विचारू नका. माझी ग्रॅच्युइटी अजून यायची आहे.

ज्यांनी साखर फक्त डब्यातच पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या ऊस घेऊन केनयार्डात येतात. क्रेन त्या मोळ्या उचलून फीडर टेबलावर टाकते. टेबल नुसतं नावाचं. चौघं जेवायला बसतील असलं ते नव्हे. तो एक प्रचंड लोखंडी पट असतो, त्यावरच्या जाड साखळ्या ऊस ओढत नेतात आणि गव्हाणीत लोटतात. गव्हाण, म्हणजे केन कॅरियर, तो ऊस पुढं कटरकडं, फायब्रायझरकडं आणि शेवटी मिलकडं नेते. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटवायचा, मग गव्हाणीची पूजा करून मान्यवरांच्या हस्ते तिच्यात मोळी टाकायची आणि त्यानंतर एप्रिल उजाडेपर्यंत तिचं तोंड बंद होऊ द्यायचं नाही, असा रिवाज. आमचा कारखाना दिवसाला 2500 टनांचा. म्हणजे गव्हाणीला तासाला शंभरावर टन ऊस लागतो.

आता एवढं खाणाऱ्याच्या घशात काही ना काही अडकणारच. शेतकरी आणि तोडणी कामगार मिळून उसासोबत काय काय पाठवतात, याची नोंद स्टोअरमध्ये ठेवायला हवी होती. दगड, कोयते, ट्रॅक्टरच्या पिना, बैलगाडीच्या शिवळा. एकदा एक आख्खं जू आलं होतं. बैल कुठं गेले याची चौकशी दोन दिवस चालली. अशी वस्तू टेबलाच्या साखळीत गेली की साखळी अडते, साखळी अडली की गव्हाण थांबते आणि गव्हाण थांबली की कारखान्यातला प्रत्येक अधिकारी तिथं पोचतो. आग लागली तरी एवढे येत नाहीत.

"काय झालं?"

"साखळी अडकली साहेब."

"किती वेळ?"

"दोन मिन्टं."

दोन मिनिटं हे साखरधंद्यातलं सर्वमान्य माप आहे. खिळा काढायला दोन मिनिटं, साखळीचा सांधा बदलायला दोन मिनिटं, गिअरबॉक्स खोलायलाही दोनच मिनिटं. आणि दोन मिनिटांच्या कामासाठी वीज कोण तोडत बसणार? लाल बटण दाबलंय, गव्हाण उभी आहे, उतरा खाली.

त्या लाल बटणावर आमच्या लोकांची जी श्रद्धा होती, ती ग्रामदैवतावरही नसेल. बटण दाबल्यावर वीज कुठं जात नाही. 415 व्होल्ट पॅनलच्या दारामागं उभे असतात. बटण फक्त कॉन्टॅक्टरला 'सोड' म्हणून सांगतं आणि कॉन्टॅक्टरची टोकं चिकटलेली असली तर तो सोडतही नाही. शिवाय बंदचं बटण एका जागी आणि चालूची बटणं तीन जागी. एक गव्हाणीजवळ, एक ऑपरेटरच्या केबिनमध्ये, एक कंट्रोल रूममध्ये. यांत भर म्हणून आमच्याकडं ऑटो फीडिंग बसवलेलं. फायब्रायझरच्या मोटारीवर भार वाढला की गव्हाण आपली आपण थांबते आणि भार उतरला की आपली आपण निघते. त्यामुळं थांबलेली गव्हाण बंद आहे की नुसती दम खातेय, हे वरून बघून ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे. आमच्या सुपरवायझरला मात्र येत असे.

आमच्याकडं सुरक्षा नव्हतीच असं म्हणू नका. तिच्या दोन पारंपरिक पद्धती होत्या. पहिली, पोऱ्या उभा करणे. आमचे सगळ्यांत जुने फिटर, ज्यांना चीफ इंजिनिअरसकट सगळा कारखाना मामा म्हणायचा, ते गव्हाणीत उतरण्याआधी हेल्परला सांगायचे, "ए पोरा, पॅनलम्होरं हुबा ऱ्हा. कुणाच्या बापाला हात लावू दिऊ नकोस." पोरगा छाती काढून उभा राहायचा. मग तिथून सुपरवायझर जायचा.

"इथं रिकामा काय उभा? जा, पाच चहा सांगून ये."

दोन साहेबांचे दोन हुकूम असले तर नंतरचा खरा, हा नोकरीतला पहिला धडा पोरगा शिकलेला होता. तो चहा सांगायला गेला. तेवढ्यात पाळी बदलली. नवा ऑपरेटर आला, गव्हाण थांबलेली पाहिली आणि शेजारच्या काकांसारखाच विचारता विचारता त्यानं बटण दाबलं. साखळ्या खडखडत निघाल्या. सगळ्यांच्या छातीत धस्स झालं. मामा कुठायत? मामा यार्डाच्या कडेला पटक्यानं घाम पुसत बिडी ओढत होते. बिडीनं माणूस मरतो असं सरकार पाकिटावर छापतं. त्याची दुसरी बाजू आम्ही त्या दिवशी पाहिली.

दुसरी पद्धत वायरमनची. तो फ्यूज काढून खिशात घालायचा. ही पद्धत खरोखर चांगली, कारण ती वायरमननं ज्या दिवशी शोधून काढली त्या दिवसापासून चालत आलेली आहे. तिच्यात खोट एवढीच की कारखान्यात वायरमन एक नसतो. पहिल्या पाळीचा वायरमन फ्यूज खिशात घालून कँटीनला गेला की दुसऱ्या पाळीचा कर्तबगार वायरमन पॅनल उघडतो, "अरेच्चा, फ्यूज कुणी चोरला?" म्हणतो आणि स्वतःच्या खिशातला काढून बसवतो. एकाच्या खिशात सुरक्षा, दुसऱ्याच्या खिशात तत्परता. स्टोअरमधून फ्यूज एवढे का जातात, याचा उलगडा मला फार उशिरा झाला.

मग कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आले. तरुण, सडपातळ आणि इतके नम्र की ते कुणाला रागावलेत हे त्याला दुसऱ्या दिवशी कळायचं. पहिल्याच आठवड्यात ते स्टोअरमध्ये आले आणि खिडकीतून समोरच्या साखर गोदामाकडं बघत म्हणाले, "त्या दाराला दोन कुलपं कशी?"

मी अभिमानानं सांगितलं. साखर बँकेकडं तारण असते. एक कुलूप बँकेचं, एक आमचं. दोन्ही चाव्या एका वेळी आल्याशिवाय दार उघडत नाही. वर सह्यांची कागदी पट्टी. चेअरमन आले तरी बँकेचा माणूस हजर नसेल तर एक पोतं हलणार नाही.

"वा," ते म्हणाले. "म्हणजे साखरेला दोन कुलपं. आणि गव्हाणीत उतरलेल्या फिटरला?"

"फिटर तारण नाही साहेब," मी म्हणालो. "पगारावर आहे."

माझ्या तोंडून विनोद म्हणून गेलेलं हे वाक्य त्यांनी पुढं प्रत्येक सभेत माझ्या नावानिशी वापरलं, तेही गंभीर चेहऱ्यानं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. यंत्रात हात घालायच्या आधी आयसोलेटर, म्हणजे वीजच तोडणारा स्विच, पाडायचा, त्याच्या दांड्याला कुलूप लावायचं, कुलपावर आपल्या नावाचा टॅग आणि चावी आपल्याच खिशात. सहा जण काम करणार असतील तर दांड्यात एक हास्प अडकवायचा, म्हणजे सहा भोकांचा चिमटा, त्यात सहा जणांची सहा कुलपं. सहावं निघेपर्यंत वीज नाही. अमेरिकेनं याचा सविस्तर नियम 1989 साली केला. पण आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमातही, 24व्या कलमात, चुकून चालू होऊ शकणारं साधन बंद स्थितीत कुलूपबंद करायची तरतूद होती, हे ते बोट वर करून सांगत. पुढं 22व्या कलमावर येत. चालत्या यंत्राची तपासणी करायचीच तर ती खास शिकलेल्या प्रौढ पुरुष कामगारानं अंगासरसे कपडे घालून करावी आणि ते कपडे कारखान्यानं पुरवावेत.

इथं सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. कारण गणवेश मी वाटत असे आणि एकाच मापाचे घेतले तर दर कमी पडतो म्हणून सगळे एक्स्ट्रा लार्ज घेतले होते. मामा त्या शर्टात आडवे तिडवे कुठंही वळू शकत. शर्ट मात्र समोरच बघत राही.

कुलपं खरेदी करायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. तीन कोटेशनं मागवली, खरेदी कमिटीपुढं ठेवली, सर्वांत कमी दर तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याचा निघाला. 24 कुलपं आली. पिवळीधमक, वजनदार. सेफ्टी ऑफिसरनी एकाची चावी दुसऱ्याला लावली. उघडलं. तिसऱ्याला लावली. उघडलं. मामांनी खिशातून सायकलची चावी काढली आणि उरलेली एकवीस उघडून दाखवली. कमिटीतले एक संचालक खूश झाले. "बरंच की! चावी हरवली तरी कारखाना अडायचा न्हाई."

दुसऱ्या खेपेला खरी कुलपं आली. लाल रंगाची, नायलॉनच्या अंगाची, प्रत्येकाची चावी वेगळी आणि प्रत्येकाला चावी एकच. शिवाय कुलूप उघडं असेपर्यंत चावी त्यातून निघतच नाही, म्हणजे कुलूप लावायचं विसरून नुसती चावी घेऊन कुणी निघून जाऊ नये. तेच संचालक पुन्हा तपासायला बसले. अर्धा तास चावी ओढून त्यांचा अंगठा लाल झाला. "स्टोअरकीपर, सगळा माल डिफेक्टिव्ह आहे. चावी निघत न्हाई. परत पाठवा."

ते समजावून होतं न होतं तोच ऑडिटर आले.

"कुलपं 24. चाव्या?"

"24."

"म्हणजे 24 चाव्या कमी."

"कमी नाहीत साहेब. कंपनी एकच देते."

"कुलपाला दोन चाव्या असतात हो. मी लहानपणापासून बघतोय. दुसरी कुठं आहे?"

"दुसरी नसावी म्हणूनच ही घेतली. दुसऱ्या कुणी उघडू नये..."

"दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहेत, तेच विचारतोय मी."

अहवालात वाक्य आलं. '24 डुप्लिकेट चाव्यांच्या विनियोगाबाबत समाधानकारक खुलासा प्राप्त झाला नाही.' पुढं वार्षिक सभेत एका सभासदानं उभं राहून, स्टोअरकीपरनं चाव्या विकून किती खाल्ले, असा प्रश्न विचारला. उसाच्या दरावरची चर्चा त्यामुळं वीस मिनिटं मागं पडली, म्हणून एम.डी. साहेबांनी मला नंतर चहा पाजला.

टॅगचं प्रकरण त्या मानानं सोपं. 'धोका. माणूस काम करत आहे. चालू करू नका', खाली नाव, खातं आणि फोटो. फोटो आणायला सांगितल्यावर कुणी आधार कार्डाचा आणला, कुणी लग्नातला बायकोसकट आणला. तिला कापून काढायची कुणाची छाती होईना, म्हणून एका टॅगवर 'माणूस काम करत आहे' याखाली मुंडावळ्या बांधलेलं जोडपं लटकत असे. मामांनी चेअरमनचा फोटो आणला. मागच्या निवडणुकीच्या पत्रकातून कापलेला, हात जोडलेला.

"मामा, स्वतःचा फोटो लावायचा असतो."

"माझ्या फोटूला कोण भितंय साहेब? ह्यो लावा. कुणी हात लावला तर नाव सांगा."

सेफ्टी ऑफिसरनी तो नम्रपणे परत केला. मामांची सूचना किती दूरदृष्टीची होती ते तेव्हा कुणाला कळलं नाही.

मग प्रशिक्षण झालं. पडदा, प्रोजेक्टर, वडापाव. सेफ्टी ऑफिसरनी पायऱ्या सांगितल्या. संबंधितांना कळवा, यंत्र थांबवा, आयसोलेटर पाडा, कुलूप लावा, साठून राहिलेली शक्ती उतरू द्या. वीज गेली तरी फायब्रायझरचे हातोडे बराच वेळ गरगरत राहतात. टेबलावरचा ऊस वीज नाही म्हणून खाली यायचा थांबत नाही. आणि मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या पोटातल्या कपॅसिटरांत पुरवठा तोडल्यावरही काही मिनिटं मरणाचे व्होल्ट असतात. ड्राइव्हवर छापलेला वेळ थांबायचं. टेस्टरनं वीज बघायची तर टेस्टर आधी चालू लाइनवर लावून बघायचा, मग बंद लाइनवर आणि मग परत चालूवर, नाहीतर मेलेला टेस्टर सगळं मेलेलंच दाखवणार. इथपर्यंत सगळे वडापाव खात ऐकत होते. शेवटची पायरी आली. "आता चालूचं बटण दाबून बघा."

मामांनी हात वर केला. "साहेब, आत्ताच बंद केलं न्हवं?"

"हो."

"कुलूपबी लावलं?"

"लावलं."

"चावी माझ्या खिशात. मग परत चालू करून बघायचं? म्हंजे लुगडं वाळत घातल्यावर वलं हाय का बघायला परत भिजवायचं?"

हॉलमध्ये असा हशा पिकला की प्रोजेक्टर सरकला. सेफ्टी ऑफिसरही हसले. "चला, प्रत्यक्ष करू," म्हणाले.

सगळी वरात गव्हाणीकडं गेली. त्या दिवशी गाळप बंदच होतं, गव्हाण रिकामी होती. मामांनी पॅनलमधल्या 'फीडर टेबल' लिहिलेल्या दारामागचा आयसोलेटर पाडला, कुलूप लावलं, चावी खिशात घालून वरून थोपटली आणि आमच्याकडं बघत, उद्घाटन केल्यासारखं, फीडर टेबलाचं हिरवं बटण दाबलं.

टेबल सुरू झालं.

खडखडाट एवढा मोठा होता की कुणाला काही बोलावंच लागलं नाही. बंद केलं तेव्हा शोध लागला. उन्हाळ्यात पॅनल रंगवताना रंगाऱ्यानं दारं काढून उन्हात वाळत घातली होती आणि बसवताना शेजारशेजारच्या दोन दारांची अदलाबदल झाली होती. 'फीडर टेबल' या दारामागं यार्डातल्या दिव्यांची लाइन होती. गेला आख्खा हंगाम आमचे लोक, कधी वीज तोडलीच तर दिव्यांची तोडून, समाधानानं टेबलात उतरत होते. यार्डात दिवे का जातात अशी तक्रार ट्रॅक्टरवाले करायचे आणि तिची दखल घ्यायचं कुणाला कारण नव्हतं.

मामा काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून ते या कुलपाचे पुजारी झाले. चीफ इंजिनिअर ओरडोत, बाहेर ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत जावो, मामा आधी कुलूप लावणार, मग बटण दाबून बघणार आणि मग ड्राइव्हच्या कपॅसिटरांसाठी थांबणार. ते थांबणं बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोयट्यांच्या, ढिगापासून लांब जाऊन, बिडीच्या हिशेबानं. "दोन मिनिटांचं काम आहे हो मामा!" असं कुणी म्हणालं की ते लाल कुलूप त्याच्यापुढं धरत. "मंग तुमी उतरा साहेब. ह्ये घ्या."

मोठ्या माणसाला आग्रह केला की तो दोन पावलं मागं सरतो, हे मी तेव्हा बऱ्याचदा पाहिलं.

आता 4 मार्चकडं येतो. त्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. योगायोगानं आमचं जनरल क्लीनिंगही त्याच दिवशी आलं. मिल बंद ठेवून हीटर, पॅन घासायचे आणि हाती वेळ आहे तर टेबलाच्या साखळ्या बदलायच्या. गव्हाणीजवळ मांडव पडला. चेअरमन साहेब आले. नारळ फुटला. मग सेफ्टी ऑफिसरच्या कल्पनेप्रमाणं, चार फिटरांनी हास्पमध्ये आपापली कुलपं लावली आणि पाचवं, सन्मानाचं, चेअरमन साहेबांच्या हस्ते लागलं. तबकात कुलूप, कुलपाला झेंडूचा हार. टॅगही खास छापून घेतलेला, त्यावर त्यांचा रंगीत फोटो. तालुक्याच्या साप्ताहिकाचा फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, परत एकदा." साहेबांनी काढून परत लावलं. "हसून." परत. मग चावी जाकिटाच्या खिशात टाकून त्यांनी भाषण केलं. "ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं! मग तो फिटर असो का चेअरमन! दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याची गय केली जाणार नाही!" प्रचंड टाळ्या. साहेब गाडीत बसले आणि साखर आयुक्तांकडं मीटिंग होती म्हणून पुण्याला, साखर संकुलात गेले. चावी जाकिटात होतीच.

संध्याकाळी काम उरकलं. चार फिटरांनी चार कुलपं काढली. हास्प उघडेना. झेंडू बाजूला केल्यावर आतून चेअरमन हसत होते.

बाहेर ट्रॉल्यांची रांग लागलेली. ऊस वाळत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. चीफ इंजिनिअर म्हणाले, "कापा ते." कुणी हललं नाही. "अरे कापा!" मामा म्हणाले, "फोटू बघा साहेब." चीफनी फोटो बघितला आणि एम.डी. साहेबांना फोन लावला. एम.डी. साहेबांनी, स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा, असं सांगितलं. चेअरमनच्या पी.ए.कडून कळलं की साहेब मीटिंगमध्ये आहेत, जाकीट गाडीत आहे आणि गाडी घेऊन ड्रायव्हर बहिणीकडं हडपसरला गेलाय.

तासाभरानं चेअरमनचाच फोन आला. यार्डातून कुणीतरी कळवलं होतं. चीफनी फोन कानापासून वीतभर लांब धरला, त्यामुळं आम्हा सगळ्यांना नीट ऐकू आलं.

"गव्हाण का बंद आहे?"

"कुलूप आहे साहेब. काढता येत नाही."

"कुणाचं कुलूप? कोण आहे तो? उद्यापासून घरी बसवा त्याला!"

चीफ इंजिनिअर तीस वर्षं साखरधंद्यात होते. त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं. "साहेब... सकाळी... फोटो काढला होता..."

पलीकडं बराच वेळ काही नाही. मग आवाज एकदम खाली आला. "बरं, ते राहू दे तसंच. दुसरीकडनं चालू होतंय का बघा."

आमच्या सेफ्टी ऑफिसरचा चेहरा त्या क्षणी शेजारच्या काकांना दाखवायला हवा होता. त्यांनी फाइल उघडली आणि मालक हजर नसताना कुलूप काढायची पद्धत मोठ्यानं वाचली. मालक आवारात, यंत्राजवळ नाही याची प्रत्यक्ष खात्री करावी. त्याच्याशी संपर्क साधावा. कुलूप काढल्याचं तो कामावर परतण्याआधी त्याला कळवावं.

"संपर्क झाला," चीफ म्हणाले. "कापा."

"पहिली अट राहिली साहेब. कुलपाचा मालक गव्हाणीत नाही याची खात्री."

"अहो, आत्ता बोलले ना पुण्याहून!"

"फोन कुठूनही करता येतो साहेब."

मामांना हे पूर्ण पटलं. ते आणि एक हेल्पर बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरले. खालून आवाज येऊ लागला. "चेअरमन साऽहेब! हायसा का?" रांगेतले ट्रॅक्टरवाले उतरून बघायला आले. चेअरमन गव्हाणीत अडकलेत ही बातमी तासाभरात तीन गावांत पोचली आणि विरोधी पॅनलच्या एका कार्यकर्त्यानं कारखान्याला फोन करून, कितपत अडकलेत, असं विचारलं. मामा वर आले, कपडे झटकले आणि फॉर्मवर मजकूर सांगितला. 'टेबलाच्या वर, खाली व गव्हाणीत पाहिले. मा. चेअरमन आढळले नाहीत.'

आता कुलूप कापायचा कटर. तो माझ्या स्टोअरमध्ये आणि इंडेंटशिवाय मी सुई देत नाही. इंडेंटवर 'कशासाठी' असा रकाना आहे. 'चेअरमन साहेबांचे कुलूप कापण्यासाठी' असं लिहून खाली सही करणारा अधिकारी त्या रात्री कारखान्यात नव्हता. जे होते ते सगळे एकाएकी कनिष्ठ झाले. शेवटी मामांनी पेन मागून घेतलं, सही केली आणि म्हणाले, "माझी रिटायरमेंट आलीया. मला कोण काय करतंय?" कुलूप कापलं. सेफ्टी ऑफिसरनी तेवढ्यातही माणसं मोजली, सगळे बाहेर आहेत ना बघितलं आणि मगच आयसोलेटर वर गेला.

आठवडाभरानं चेअरमनच्या पी.ए.नं पाकीट पाठवलं. आत चावी आणि 'पोच द्यावी'. मी पोच दिली, चावी रजिस्टरला चढवली. वर्षअखेरीस ऑडिटर आले, मोजायला बसले.

"कुलपं 23. चाव्या 24." त्यांनी चष्मा वर सारला, पुन्हा मोजलं आणि वर्षानंतर पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले. "चला, एक तरी डुप्लिकेट सापडली म्हणायची. आता राहिल्या तेवीस."